आधी वकील, मग मध्यस्थ, मग पुन्हा वकील

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे आणि चौदा महिन्यांपासून दोघं वेगळे राहतात. पुण्यात दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, त्यावर गृहकर्ज चालू आहे. दोघंही नोकरी करतात. घटस्फोट दोघांनाही हवा आहे. नवरा म्हणतो, "वकिलांच्या नादी लागलो तर पैसाही जाईल आणि उरलंसुरलं बोलणंही बंद होईल. माझ्या ओळखीचे एक मध्यस्थ आहेत, चार बैठकांत मिटवू." भाऊ म्हणतो, "आधी तगडा वकील कर, एक ४९८ टाक (म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी तक्रार), मग बघ कसा सरळ येतो." आणि विचारणाऱ्या ताईंना कळत नाही की कोणाचं ऐकायचं.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि प्रशिक्षित मध्यस्थ म्हणूनही बसते. दोन्ही खुर्च्यांवरून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. तुमच्यासारख्या प्रकरणात मध्यस्थी हाच मुख्य रस्ता असावा, पण मध्यस्थाच्या दारात पाय ठेवण्याआधी तुम्ही स्वतःच्या वकिलाशी निदान एकदा नीट बोललेलं असावं, आणि ठरलेल्या अटींवर सही करण्याआधी त्याच वकिलाने त्या ओळीओळीने वाचलेल्या असाव्यात. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की नुकसान होतं, आणि बहुतेक वेळा ते त्याच माणसाचं होतं ज्याला हिशेब कमी माहीत असतो.

मध्यस्थ तुमचा नसतो, नवऱ्याचाही नसतो. तो निकाल देत नाही. तुमच्यासाठी कमी रक्कम ठरत असेल तर "ताई, ही रक्कम घेऊ नका" असं तो सांगू शकत नाही, कारण तसं सांगितलं की त्या क्षणी तो मध्यस्थ राहत नाही. तो दोघांना एका टेबलाशी बसवतो, गरज वाटली तर प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो, रागाच्या मागे नेमकी भीती कशाची आहे ते शोधतो आणि दोघांना मान्य होईल असा मार्ग दोघांच्याच तोंडून काढून घेतो. वकील मात्र तुमचाच असतो. कायद्याने तुम्हाला काय मिळू शकतं, काय मिळणार नाही, आणि बोलण्याच्या ओघात तुम्ही काय सोडून देत आहात, हे सांगणं त्याचं कर्तव्य आहे. हे माहीत नसताना मध्यस्थीला बसणं म्हणजे भाव न विचारता बाजारात जाणं.

वकील केला म्हणजे भांडण आणि मध्यस्थ केला म्हणजे समझोता, अशी जी समजूत आहे ती आपल्या कायद्याशी जुळत नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे समझोत्याचा प्रयत्न करणं हे न्यायाधीशांचंच काम आहे. कलम १३ तर सांगतं की ह्या न्यायालयात वकिलामार्फतच उभं राहण्याचा हक्क कोणालाही नाही. प्रत्यक्षात परवानगी मिळते आणि बहुतेक जण वकील देतात, पण कायद्याची मूळ कल्पना अशी आहे की नवरा-बायकोने स्वतः येऊन बोलावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ ने २००२ पासून सगळ्याच दिवाणी न्यायालयांना प्रकरणं मध्यस्थीकडे पाठवता येतात. २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद जमेल तितक्या लवकर मध्यस्थीकडे पाठवा असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे भावाच्या सल्ल्याने आज सरळ खटला भरलात तरी काही महिन्यांत तुम्ही दोघं समुपदेशकासमोर किंवा मध्यस्थासमोर बसलेले असण्याची शक्यता दाट आहे. तोपर्यंत एकमेकांवर केलेले आरोप मात्र कागदावर आलेले असतात. बोलून दाखवलेलं माणूस विसरतो, शपथेवर लिहिलेलं विसरणं कठीण जातं.

न्यायालयातले विवाह समुपदेशक आणि मध्यस्थ ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि हा फरक तुमच्या मुलीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मध्यस्थाच्या खोलीत बोललेलं गोपनीय असतं. मोती राम विरुद्ध अशोक कुमार (२०११) ह्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मध्यस्थाने न्यायालयाला फक्त जमलं किंवा जमलं नाही एवढंच कळवायचं. कोण काय म्हणालं, कोणी किती रक्कम देऊ केली, ह्यातलं काहीही कळवायचं नाही. समुपदेशकाचं तसं नसतं. मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल तर समुपदेशक मुलाशी बोलून जो अहवाल देतात तो न्यायाधीश वाचू शकतात. पेरी कन्साग्रा विरुद्ध स्मृती कन्साग्रा (२०१९) मध्ये हा फरक सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. त्यामुळे खोलीत शिरताना समोर कोण बसलं आहे हे विचारून घ्या. आणि मध्यस्थी चालू असताना नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर "बरं, एवढ्यावर मिटवते" असं लिहून पाठवू नका. खोलीबाहेर लिहिलेल्या गोष्टींना तसंच संरक्षण मिळेल असं गृहीत धरू नये.

मध्यस्थी कुठे सर्वात उपयोगी पडते हे विचाराल तर मी डोळे मिटून सांगेन, मुलांच्या बाबतीत. न्यायालयाचा आदेश साधारण असा येतो: महिन्यातले दुसरा व चौथा शनिवार-रविवार, दिवाळीची अर्धी सुट्टी, मेच्या सुट्टीतले काही आठवडे. त्यात चूक काही नाही, पण तुमच्या मुलीचं आयुष्य त्यात मावत नाही. गणपतीत ती बाबांच्या गावी जाणार का? गेली तर पाच दिवस की गौरीविसर्जनापर्यंत? आजी आजारी पडली तर मधल्याच वारी भेटायला नेता येईल का? शाळेच्या पालकसभेला दोघं जाणार की आळीपाळीने? नृत्याच्या वर्गाची फी कोण भरणार, आणि ती पुढे वाढली तर? नवऱ्याची बदली बंगळुरूला झाली तर रोजचा व्हिडिओ कॉल किती वाजता? कोणी पुन्हा लग्न केलं तर मुलीला ते कोण आणि कसं सांगणार? ह्या गोष्टी न्यायाधीशांसमोर पंचवीस प्रकरणांच्या यादीत मांडता येत नाहीत. मध्यस्थाच्या खोलीत दोन-दोन तास बसून त्या ठरवता येतात, आणि स्वतः ठरवलेलं पाळलं जाण्याची शक्यताही जास्त असते. माझ्यासमोर जे पालक हे बारकाईने लिहून गेले, ते पुढे छोट्या छोट्या कारणांसाठी न्यायालयात परत येताना मी क्वचितच पाहिले.

मात्र मुलीबाबत ठरलेलं काहीही कायमचं शिक्कामोर्तब नसतं. तिचं हित बदललं तर न्यायालय अटी बदलू शकतं. तिच्या पोटगीवर तुम्ही तिच्या वतीने पाणी सोडू शकत नाही. "मला काही नको, फक्त मोकळी करा" असं म्हणत मुलीचा खर्चही सोडून देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. थकलेल्या माणसाचं ते बोलणं असतं, पण तो हक्क मुलीचा आहे, आईचा नाही. मध्यस्थीत अशी अट पुढे आली तर तुमच्या वकिलाने ती तिथेच थांबवली पाहिजे.

आता मध्यस्थाला काय करता येत नाही ते बघू. तो घटस्फोट देऊ शकत नाही. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर "आम्ही राजीखुशीने विभक्त झालो" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घटस्फोट झाला, ही समजूत महाराष्ट्रात खेड्यांपासून सोसायट्यांपर्यंत अजून पक्की आहे. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा सोडचिठ्ठीने मोडत नाही. सिद्ध होऊ शकणाऱ्या रूढीचा अपवाद कलम २९ मध्ये आहे, पण तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नये. असा कागद करून दुसरं लग्न केलेल्या माणसावर द्विभार्या प्रतिबंधाची तक्रार होऊ शकते आणि त्या दुसऱ्या बाईचं लग्नच रद्दबातल ठरतं. २०२३ चा मध्यस्थी कायदा आला, तो टप्प्याटप्प्याने लागू केला जातो आहे, तरीही ही गोष्ट बदललेली नाही: वैवाहिक नातं संपवणारा हुकूमनामा न्यायालयच देतं. मध्यस्थीत जे ठरतं ते लेखी समझोता म्हणून न्यायालयासमोर ठेवायचं, त्याला आपल्याकडे कन्सेंट टर्म्स म्हणतात, आणि त्यावर आदेश मिळवायचा.

मध्यस्थ तातडीचा दिलासाही देऊ शकत नाही. घरातून हाकललं, मुलीला परस्पर गावी नेऊन ठेवलं, बँकेतले पैसे काढून घेतले, अशा वेळी आदेश लागतो आणि आदेश फक्त न्यायालयाचा असतो.

पहिली वकिलाची भेट कशासाठी घ्यायची ते सांगते. खटला लढण्यासाठी नव्हे. तासभर बसा, दोघांचे पगार, कर्ज, फ्लॅटचा करार, दागिने, गुंतवणूक हे सगळं समोर ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. हे प्रकरण न्यायालयात गेलं तर मला आणि मुलीला अंदाजे काय मिळेल आणि त्याला किती वेळ लागेल? कोणत्या गोष्टी मी सोडल्या तरी चालतील आणि कोणत्या अजिबात सोडू नयेत? माझी कोणती बाजू कमकुवत आहे? तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर जो वकील देतो तो ठेवा. "तुम्ही काळजी करू नका, त्याला सोडत नाही" एवढंच जो म्हणतो त्याच्याकडून उठून या. फी एकरकमी की तारखेप्रमाणे हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या. म्युच्युअलसाठी, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, एकरकमी फी ठरवणं सोयीचं पडतं. पोटगीच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून मागणारा वकील बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध वागतो आहे, तिथे थांबू नका.

पैशांची अडचण असेल तर एक गोष्ट अनेक बायकांना ठाऊक नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महाराष्ट्र सरकारने १९९४ पासून महिलांना न्यायालय शुल्कही माफ केलं आहे. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थाची फी पक्षकारांना द्यावी लागत नाही. "वकील परवडत नाही म्हणून खासगी मध्यस्थ" हा हिशेब त्यामुळे अनेकदा मुळातच चुकीचा असतो.

मध्यस्थीला बसण्याआधीचा सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे दोघांचा आर्थिक खुलासा. रजनेश विरुद्ध नेहा हा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून वर गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र द्यावं असं ठरवलं. त्याचा नमुना निकालासोबतच जोडलेला आहे. पगार, कापला जाणारा पीएफ, म्युच्युअल फंड, विमा, वाहन, कर्जं, आईवडिलांवरचा खर्च, सगळं त्यात येतं. तुमचं प्रकरण अजून न्यायालयात नाही, तरी पहिल्या बैठकीत तुम्ही म्हणा, "आपण दोघं तोच नमुना भरू, सोबत तीन वर्षांची आयकर विवरणं आणि बँकेचे उतारे जोडू." हे ऐकल्यावर समोरचा माणूस काय करतो त्यावरून पुढच्या बैठकांचं भवितव्य मला बहुतेक वेळा तिथेच समजतं. जो "विश्वास नाही का माझ्यावर?" असं विचारतो, त्याच्याशी आकड्यांवर तडजोड करता येत नाही.

फ्लॅटविषयी थोडं विस्ताराने लिहिते, कारण मध्यस्थीत उत्तम जुळलेली प्रकरणं मी इथे अडकताना पाहिली आहेत. समजा ठरलं की फ्लॅट तुम्ही ठेवायचा. गृहकर्जात दोघं सहकर्जदार असाल तर तुमचा समझोता बँकेवर बंधनकारक नाही, कारण बँक त्या टेबलाशी बसलेलीच नव्हती. नवऱ्याचं नाव कर्जातून काढायचं तर तुमच्या एकटीच्या पगारावर ते कर्ज पेलतं का हे बँक स्वतः तपासते. उलट फ्लॅट नवऱ्याने ठेवला आणि तुमचं नाव कर्जात राहिलं, तर त्याने हप्ते थकवल्यावर फोन तुम्हालाही येणार. म्हणून आकडा ठरवण्याआधी बँकेत जाऊन लेखी विचारणा करायची. दुसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोमध्ये बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा लागतो. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही ते नातं कायद्याने गमावलेलं असतं. शिवाय तुम्ही त्याच्या हिश्शाचे पैसे देणार असाल तर ते बक्षीस राहत नाही, मोबदला घेऊन केलेलं हस्तांतरण होतं आणि शुल्काचा हिशेब बदलतो. त्यामुळे दस्त कोणता, तो दुय्यम निबंधकाकडे कधी नोंदवायचा, आणि नोंदणीनंतर समोरच्याने संमती काढून घेतली तर काय, ह्याचा क्रम आधी लावावा लागतो. मध्यस्थ हे सगळं सांगेलच असं नाही. ते वकिलाचं काम आहे.

समोरचा संमती काढून घेईल ही भीती खरी आहे. परस्पर संमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे होतो, आणि सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश (१९९१) ह्या निकालाप्रमाणे दोघांची संमती शेवटच्या तारखेपर्यंत टिकलेली असावी लागते. मधल्या काळात एकाने "मला नको" म्हटलं तर प्रकरण लटकतं. म्हणून पैसे असोत वा कागद, देवघेव टप्प्यांत ठेवतात: काही अर्ज करतानाच्या पहिल्या जबाबाच्या वेळी, मोठा भाग दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने न्यायालयातच. स्त्रीधनाचे दागिने ज्याच्या ताब्यात असतील त्याने ते यादी करून, वजन करून, पोच घेऊन परत द्यायचे, आणि तेही पहिल्याच टप्प्यात. ते तुमचेच आहेत. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार (१९८५) पासून ह्यावर शंका उरलेली नाही, त्यामुळे ते "देण्याच्या" बदल्यात तुमच्याकडून काही मागणं मान्य करू नका. कंपनीच्या मेडिक्लेममधून तुमचं नाव जाईल, मुलीचं राहिलं पाहिजे, हे लिहून घ्या. तिच्या पासपोर्टसाठी दोघं सही देतील, तेही लिहून घ्या.

वेळेचा हिशेब तुमच्या बाजूने आहे. कलम १३ ब साठी वर्षभर वेगळं राहणं लागतं, ते झालं आहे. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा जबाब द्यावा लागतो. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) ह्या निकालानंतर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, पण त्याच्या कसोट्या अशा की अर्ज करण्याआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. २०२१ च्या अमित कुमार विरुद्ध सुमन बेनिवाल ह्या निकालाने ह्या कसोट्या म्हणजे बंदिस्त यादी नव्हे असं म्हटलं, तरी दीड वर्ष पूर्ण असेल तर सवलतीचा अर्ज भक्कम होतो. तुमचे चौदा महिने झाले आहेत. उरलेले चार महिने मध्यस्थीला द्या. घाईने अर्ज दाखल करून सहा महिने थांबण्यापेक्षा आधी सगळं मिटवून मग अर्ज करणं जास्त शहाणपणाचं, आणि एकूण वेळही कदाचित कमीच लागेल.

आता भावाच्या सल्ल्याविषयी. तुमच्यावर हिंसा झाली असेल, हुंड्यासाठी छळ झाला असेल, तर तक्रार करणं तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण तुम्ही जे लिहिलं आहे त्यात तसं काही नाही. केवळ दबाव म्हणून गुन्हा नोंदवायचा असेल तर माझा स्पष्ट नकार आहे. जुनं ४९८ अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. तुमचं नंतर जुळलं तरी हा गुन्हा पोलीस ठाण्यात जाऊन मागे घेता येत नाही. तो रद्द करून घ्यायला दोघांना उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणजे समझोत्याच्या आड आणखी एक खटला येतो. शिवाय सासू-सासऱ्यांची नावं त्यात आली की मुलीच्या आजी-आजोबांशी उरलेला धागाही तुटतो. आणि खोटी तक्रार खऱ्या पीडित बाईचं नुकसान करते, ती पुढच्या वेळी ठाण्यात गेली की तिच्याकडे संशयाने पाहिलं जातं.

मध्यस्थी कोणी करू नये हेही तितक्याच ठामपणे सांगते. घरात मारहाण झाली असेल, नवऱ्यासमोर बसल्यावर तुमच्या तोंडून शब्द फुटत नसेल, "बघून घेईन" अशा धमक्या असतील, उत्पन्न लपवलं जात असेल, मूल हिसकावून नेलं असेल, तर आधी संरक्षण आणि अंतरिम आदेश, बोलणी नंतर. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली निवास, संरक्षण आणि अंतरिम खर्चाचे आदेश मिळतात, तातडी असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर सुरू केलेला स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे महाराष्ट्रभर पसरला. पुण्यात, नागपुरात पोलिसांचे भरोसा सेल आहेत. तिथली माणसं हिंसेचं प्रकरण हाताळायला शिकलेली असतात. घाबरलेली बाई मध्यस्थीत "हो" म्हणते तेव्हा तो होकार नसतो, आणि चांगला मध्यस्थ हे ओळखून बैठक तिथेच थांबवतो.

नवऱ्याने सुचवलेल्या मध्यस्थांविषयी मला काही माहीत नाही, ते उत्तम असतीलही. पण "ओळखीचे" हा शब्द मला खटकतो. त्यांना भेटून विचारा: चाळीस तासांचं मध्यस्थीचं प्रशिक्षण झालं आहे का? न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्राच्या यादीत नाव आहे का? तुमच्या नवऱ्याशी किंवा त्याच्या कुटुंबाशी नेमकी ओळख कशी? फी कोण देणार? फी दोघांनी निम्मी निम्मी द्यावी, एकाने दिली की दुसऱ्याच्या मनात किडा राहतो. ते वकील असतील तर नंतर ते ह्या प्रकरणात कोणाचंही वकीलपत्र घेणार नाहीत हे लेखी हवं. आणि "मध्यस्थी" म्हणजे दोन्हीकडचे काका-मामा आणि समाजाचे चार प्रतिष्ठित एकत्र बसवणं असेल, तर तिथे जाऊ नका. त्या बैठकीत बाईला समजावलं जातं, तिचं ऐकलं जात नाही. जात पंचायतीने बहिष्काराची धमकी देऊन निवाडा लादला तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

दोघांनी मिळून एकच वकील करावा का, हेही तुम्ही विचारलं आहे. म्युच्युअलच्या अर्जावर एकच वकील असणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि अर्ज दाखल करणं, तारखा सांभाळणं एवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण समझोत्याच्या अटी लिहिणारा वकील एकच असेल तर तो ज्याने फी दिली त्याच्याकडे नकळत झुकतो. अर्जाला एक वकील ठेवा, पण अटी सही करण्याआधी स्वतःच्या वेगळ्या वकिलाकडून वाचून घ्या. त्याची एका वाचनाची फी नंतरच्या वर्षांच्या तुलनेत काहीच नाही.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या काहींची परिस्थिती वेगळी असते, त्यांच्यासाठी दोन शब्द. गोव्यात लग्न नोंदवलेलं असेल आणि वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर तिथल्या नागरी संहितेत मालमत्तेच्या सामाईकपणाचं तत्त्व आहे, पत्नीचा अर्धा वाटा बोलणीआधीच उभा असतो, त्यामुळे तिथला स्थानिक वकील आधी गाठा. ख्रिस्ती दांपत्यासाठी घटस्फोट कायद्याचं कलम १० अ आहे आणि त्यात वेगळं राहण्याची मुदत दोन वर्षं लिहिलेली आहे. परदेशात असलेल्यांनी तिथल्या न्यायालयाचा एकतर्फी हुकूमनामा इथे चालेल असं समजू नये. वाय. नरसिंह राव (१९९१) ह्या निकालाने त्याला कडक अटी घातल्या आहेत. उलट भारतातल्या म्युच्युअलसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची आणि जवळच्या नातलगामार्फत हजर राहण्याची सोय अमरदीप निकालातच मान्य झाली आहे. एक जण न्यू जर्सीत आणि एक नाशकात असला तरी मध्यस्थी आणि घटस्फोट दोन्ही रीतसर होऊ शकतात.

शेवटी तुमच्यापुरतं. ह्या आठवड्यात वकिलाची एक भेट, पुढच्या आठवड्यात बँकेची, आणि मग नवऱ्याला निरोप: मध्यस्थीला मी तयार आहे, मध्यस्थ दोघांच्या पसंतीचा, आणि पहिल्या बैठकीला दोघांनी शपथपत्राचा नमुना भरून आणायचा. त्याने तो आणला तर चार महिन्यांत तुम्ही दोघं अर्ज करण्याच्या टप्प्यावर असाल. त्याने दोन बैठका टाळाटाळ केली तर तिसरी बैठक घेऊ नका. मुलीच्या खर्चासाठी आणि ताब्यासाठी वकिलामार्फत कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल करा. तिथे तेच शपथपत्र त्याला द्यावंच लागेल, आणि ते आल्यावर न्यायाधीश तुम्हाला पुन्हा मध्यस्थाकडे पाठवू शकतात, कोणत्याही टप्प्यावर.